मदत हवी आहे: सुपरजेट ७०१ च्या हेडला गॅस्केटऐवजी ओ-रिंग, खाच कशी कापून घ्यावी?

नमस्कार मंडळी,

मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या शारजाला बोटींच्या वर्कशॉपमध्ये कामाला आहे. गणपतीला घरी येतोय आणि येताना माझ्या यामाहा सुपरजेटचं सिलिंडर हेड सोबत आणणार आहे. उभं राहून चालवायची जेटस्की, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, बोअर ८१ मिमी, स्ट्रोक ६८ मिमी. काम उद्यमनगरात करून घ्यायचा विचार आहे. तिथे मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून माप घेता येतं, ते मला महत्त्वाचं वाटतं.

सध्या कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेजवर मोजलं तर दोन्ही सिलिंडर १५० पीएसआय दाखवतात. मला १७० च्या आसपास जायचंय, त्याच्या वर नाही. इथे पंपावर ९८ ऑक्टेनचं सुपर मिळतं, त्यामुळे पेट्रोलची अडचण नाही. पण उन्हाळ्यात आखाताचं पाणीच ३० अंशांच्या वर असतं आणि तेच पाणी इंजिन थंड करतं. म्हणून हाव धरायची नाही असं ठरवलंय.

स्क्विश, म्हणजे पिस्टन पूर्ण वर आल्यावर त्याच्या कडेची आणि हेडची मधली फट, सोल्डरच्या तारेने मोजला. ३ मिमीची तार प्लगच्या भोकातून गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी पिन) रेषेत दोन्ही बाजूंना सरकवली (आडवी घेतली तर पिस्टन डोलतो आणि माप खोटं येतं) आणि इंजिन हाताने फिरवलं. तार १.८ मिमीला दबली. तो १.२ वर आणायचा आहे. ८१ च्या बोअरचं क्षेत्रफळ ५१.५ चौरस सेंमी, म्हणजे ०.६ मिमी कमी केले की प्रत्येक चेंबरमधून साधारण ३ सीसी जातात. माझ्या हिशोबाने तेवढं पुरे.

आता मुख्य मुद्दा. नुसतं हेड प्लेन करून पुन्हा गॅस्केट (हेड आणि सिलिंडरमधली सील करणारी चकती) टाकता येईल, ते मलाही माहीत आहे. पण या इंजिनात सगळं थंडावणं खाऱ्या पाण्यावर चालतं. हेड उघडलं की गॅस्केटच्या कडेने ॲल्युमिनियम खाल्लेलं दिसतं, पांढरी पूड आणि खाली बारीक खड्डे. कॉम्प्रेशन वाढवलं की गॅस आधी त्याच खड्ड्यांतून वाट काढणार, आणि इंजिन बंद झालं की त्याच वाटेने समुद्राचं पाणी सिलिंडरमध्ये येणार. क्रँकचं बेअरिंग मग किती टिकणार? तांब्याचं गॅस्केट तापवून मऊ करून टाकायचा सल्ला मिळाला होता, पण खाऱ्या पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम शेजारी ठेवले की ॲल्युमिनियम आणखी झपाट्याने झिजतं. तो मार्ग मी सोडला.

म्हणून ओ-रिंग, म्हणजे खाचेत बसून सील करणारी रबरी कडी. प्रत्येक बोअरभोवती एक आणि पाण्याच्या जॅकेटच्या (सिलिंडरभोवती पाणी फिरतं ती पोकळी) बाहेरून सगळ्यांना वेढणारी एक. हेड थेट सिलिंडरवर बसेल, धातूवर धातू. गॅस्केटची जाडी गेल्यामुळे स्क्विश गरजेपेक्षा कमी होईल, म्हणून चेंबर तेवढं परत खोल करून घ्यावं लागेल.

जाणकारांना विचारायचं आहे ते असं. आतल्या रिंगला जागा फार कमी आहे, बोअरपासून जॅकेटपर्यंत अरुंद ठिकाणी जेमतेम ७ मिमी धातू. तिथे १.७८ मिमीची रिंग घ्यावी असं वाटतं, खाच १.३ मिमी खोल आणि अडीच रुंद. हे बरोबर आहे का? बाहेर २.६२ ची चालेल का? आणि हे लेथवर होईल की व्हीएमसीवरच (संगणकाने चालणारं मिलिंग मशीन) करावं? दोन्ही चेंबर एकाच कास्टिंगमध्ये आहेत, लेथच्या फोर-जॉ चकमध्ये एकेक चेंबर सेंटरला घेताना चूक होईल अशी धास्ती आहे.

प्रतिसाद:

दादा, मी आरएक्स १०० ची हेडं बरीच केलीत, जेटस्कीचं नाही. पण रिंगचं गणित तेच. १.७८ ला १.३ खोली म्हणजे रिंग पाव भाग दबते, ठीक आहे. बाहेरच्या २.६२ ला १.९५ ठेवा. खाचेची बाहेरची भिंत रिंगच्या बाहेरच्या व्यासाला धरून कापायला सांगा, कारण दाब आतून येतो आणि रिंग बाहेर ढकलली जाते. मध्ये मोकळी जागा राहिली तर ती दर स्ट्रोकला हलेल. रबर व्हायटॉनचंच, साधं नायट्राइल त्या उष्णतेला टिकत नाही. काम व्हीएमसीवर द्या, दोन्ही चेंबर आणि तिन्ही खाचा एकाच सेटिंगमध्ये होतील.

दोन गोष्टी तुम्ही लिहिल्या नाहीत. एक, लायनर (सिलिंडरच्या आतली नळी, जिच्यात पिस्टन फिरतो) ओतीव लोखंडाचा आहे, त्याचा आणि ॲल्युमिनियमचा सांधा कुठे येतो ते बघा. रिंग बरोब्बर त्या सांध्यावर आली तर सील होणार नाही. दुसरं, खड्डे फक्त हेडलाच पडलेत असं कसं म्हणता? रिंग बसणार सिलिंडरच्या तोंडावर. नुसतं हेड आणून भागायचं नाही, सिलिंडरही आणा.

धागाकर्ता:

मनापासून धन्यवाद. आज सिलिंडरच्या तोंडावर स्ट्रेट एज ठेवून फीलर गेज घातला. वाक नाही, पण दोन सिलिंडरांच्या मधल्या पट्टीवर खड्डे आहेत, नखाला लागतात. म्हणजे फेस मारावाच लागेल, वरचं तोंड सपाट कापून घ्यावं लागेल. वरून फेस मारल्याने पोर्टचं (सिलिंडरच्या भिंतीतल्या गॅसच्या भोकांचं) टायमिंग बदलत नाही (खालचं गॅस्केट बदललं तर बदलतं), फक्त स्क्विश तेवढा कमी होतो. म्हणून क्रम असा ठरवला: आधी सिलिंडरचा फेस, मग रिंगशिवाय हेड ठेवून पुन्हा तार दाबून माप, आणि त्या मापावरून चेंबरची खोली.

सांधा बोअरपासून ४ मिमीवर आहे. खाच लायनरच्या आत घ्यायची तर बोअरकडे दीड मिमीच धातू उरतो आणि खाचेची बाहेरची कडा थेट सांध्यावर येते. सांध्याच्या बाहेर घ्यायची तर जॅकेटच्या बाजूला जागा उरत नाही. यातलं काय निवडावं, की आणखी बारीक रिंग शोधावी? ज्यांनी ७०१ चं हेड स्वतः कापलंय त्यांनी कृपया लिहा. जोडणी झाल्यावर जॅकेटमध्ये पाणी भरून सिलिंडरला हवेचा दाब देणार आहे, बुडबुडे आले की नाही ते इथेच कळवतो.