मदत हवी आहे: तीन मशीनवर सामायिक ठेवलेली बॅकलिंकची साइट-यादी दर आठवड्याला आटते आहे

टॉवेलनगरी
नमस्कार. सोलापुरात नवी पेठेत आमचे छोटे कार्यालय आहे. टॉवेल, चादरी आणि शालेय गणवेश तयार करणाऱ्या इथल्या कारखानदारांच्या संकेतस्थळांचे एसईओ, म्हणजे गूगलच्या शोधात ती वर आणण्याचे काम, आम्ही करतो. बॅकलिंकचे काम, म्हणजे दुसऱ्या साइटवर ग्राहकाच्या साइटची लिंक लावणे, सॉफ्टवेअरवर चालते आणि एकाला सापडलेली साइट उरलेल्या दोघांनाही मिळावी म्हणून टार्गेट साइटची यादी आम्ही तीन मशीनमध्ये सिंक फोल्डरने सामायिक ठेवली आहे. एके काळी दीड लाखावर गेलेली ही यादी गेल्या महिन्यापासून आटते आहे. आठवडाभरात ती ऐंशी हजारांपर्यंत चढते आणि सोमवारी सकाळी बघावे तर पुन्हा पासष्ट हजारांवर आलेली असते. उरलेल्या साइटही बहुतेक जुनाट किंवा बंद पडलेल्या असतात, त्यामुळे व्हेरिफाइड, म्हणजे लागल्याची खात्री झालेल्या, लिंक निम्म्याहून खाली आल्या आहेत. सिंक सेवाच फाइल खाते आहे, असे माझे मत झाले आहे. दुसरी भरवशाची सेवा कोणती, एवढेच कृपया सांगावे. परवा एका ग्राहकाला महिन्याचा अहवाल द्यायचा आहे.

रात्रपाळी
सेवा बदलण्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. सॉफ्टवेअर कोणते आहे? नेमके कोणते फोल्डर सामायिक आहेत? त्यात तिघेही लिहितात की दोघे फक्त वाचतात? आणि डुप्लिकेट काढण्याचे काम कोण, कधी आणि कशाने करते? यातले काहीच तुम्ही लिहिलेले नाही.

गड्ड्याची जत्रा
इतक्या चौकशीची गरज नाही. टेक्स्ट फाइलमध्ये यादी ठेवणे हीच मूळ चूक आहे. आम्ही सर्व पत्ते डेटाबेसमध्ये ठेवतो. यूआरएलच्या स्तंभावर युनिक बंधन घातले की तोच पत्ता दुसऱ्यांदा शिरत नाही, कोणत्या मशीनने कोणती साइट कधी आणली याची नोंद राहते, आणि एकाच वेळी दहा जणांनी लिहिले तरी कोणाचे पुसले जात नाही. एक दिवस बसून मांडणी केलीत तर हा त्रास कायमचा मिटेल.

टॉवेलनगरी
जीएसए सर्च इंजिन रँकर वापरतो. सगळीकडे असेच असते असे समजून लिहिले नव्हते. आयडेंटिफाइड, सबमिटेड, व्हेरिफाइड आणि फेल्ड हे चारही फोल्डर सामायिक आहेत आणि तिन्ही मशीन त्यात लिहितात. त्याशिवाय एक मास्टर टेक्स्ट फाइल आहे. प्रत्येक जण आपल्याकडे व्हेरिफाय झालेल्या साइट तिच्यात टाकतो आणि नवीन प्रोजेक्टला टार्गेट तिच्यातूनच देतो. आटते आहे ती हीच फाइल. दोन मशीन कार्यालयात आहेत आणि तिसरे जुळे सोलापूरला आमच्या सहकाऱ्याच्या घरी आहे. डेटाबेस सांभाळणारा माणूस आमच्याकडे नाही.

भुईकोट
टॉवेलचे ग्राहक असतील तर बॅकलिंकपेक्षा गूगल बिझनेस प्रोफाइल नीट भरून घ्यावे असे मी सुचवेन. अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीतील कारखान्यांचे जुने दूरध्वनी क्रमांक आणि अर्धवट पत्ते तसेच पडून असतात. कारखान्याचे, यंत्रमागाचे आणि तयार मालाचे स्वच्छ फोटो टाकले की बाहेरगावच्या व्यापाऱ्याला विश्वास वाटतो, हा माझा अनुभव आहे.

रात्रपाळी
भुईकोट, सल्ला योग्य आहे, परंतु प्रश्न यादीचा आहे.

टॉवेलनगरी, आधी फोल्डरांबद्दल लिहितो. चारही फोल्डर सामायिक ठेवून तीन मशीनना त्यात लिहू देणे बरोबर नाही. सॉफ्टवेअर प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी, म्हणजे साइटच्या प्रत्येक प्रकारासाठी, वेगळी टेक्स्ट फाइल ठेवते आणि तिच्या शेवटी ओळी जोडत जाते. दोन मशीननी एकच फाइल एकाच वेळी बदलली तर सिंक सेवेला कोणते बदल खरे मानावेत हे ठरवता येत नाही, आणि ती शेजारी ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ अशा नावाची दुसरी प्रत तयार करते. ती प्रत मूळ फाइलमध्ये आपोआप मिसळत नाही, त्यामुळे त्यातल्या साइट वाया जातात. प्रत्येक मशीनने आपल्या डिस्कवरच्या स्वतःच्या फोल्डरात लिहावे, तीन व्हेरिफाइड याद्या एकाच माणसाने एकत्र कराव्यात, आणि तयार झालेली यादी सामायिक फोल्डरातून बाकीच्यांनी फक्त वाचावी. मी ती सामायिक यादी फेल्डच्या, म्हणजे अपयशी साइटच्या, जागेवर जोडतो आणि फेल्डमध्ये साठवण्याची खूण काढून टाकतो. प्रोजेक्टला मात्र फेल्डमधून साइट घेण्याची परवानगी देतो, म्हणजे सॉफ्टवेअर वाचते पण लिहीत नाही. आयडेंटिफाइड तर सामायिक ठेवूच नये, कारण त्यात नुसता प्लॅटफॉर्म ओळखलेला असतो, लिंक लागेल याची काहीच खात्री नसते.

तरीही तुमचा आजार हा नसावा असे मला वाटते. अशा गोंधळात प्रती वाढतात आणि काही ओळी गळतात, पण दर सोमवारी आकडा एकाच जागी येऊन थांबत नाही. मास्टर फाइलमध्ये या सोमवारी नेमक्या किती ओळी होत्या, आणि तिची पहिली व शेवटची ओळ काय आहे, ते पाहून सांगावे. ‘पासष्ट हजारांच्या आसपास’ हे उत्तर पुरेसे नाही.

कंबर तलाव
मूळ मुद्दा कोणीच मांडत नाही, म्हणून लिहितो. स्वयंचलित सॉफ्टवेअरने लिंक तयार करणे गूगलच्या स्पॅम धोरणात नावानिशी निषिद्ध आहे. २४ एप्रिल २०१२ ला पेंग्विन हे गूगलचे लिंक-स्पॅमविरोधी अपडेट आले, तेव्हा मी एका गणवेश उत्पादकाचे काम पाहत होतो. चार दिवसांत त्यांची साइट पहिल्या पानावरून दिसेनाशी झाली आणि मालकांना काय सांगावे हे मला कळेना. त्या लिंक हटवण्यासाठी मी महिनोन्‌महिने अनोळखी लोकांना पत्रे लिहिली आहेत. ऑक्टोबर २०१२ मध्ये नको असलेल्या लिंक नाकारण्याचे डिसअॅव्हाऊ साधन आले, तेव्हा कुठे हातात काहीतरी मिळाले. कारखानदार विश्वासाने आपल्याला काम देतो, त्याला हा धोका आधी सांगितला पाहिजे.

गड्ड्याची जत्रा
तो काळ वेगळा होता. सप्टेंबर २०१६ मध्ये पेंग्विन मुख्य अल्गोरिदमचा भाग झाले, आणि तेव्हापासून गूगल वाईट लिंकसाठी साइट खाली ढकलण्याऐवजी त्या लिंकच मोजत नाही. शिवाय जाणकार माणूस या लिंक मुख्य साइटला लावतच नाही, दुसऱ्या फळीला, म्हणजे मुख्य साइटला लिंक देणाऱ्या पानांना, लावतो.

कंबर तलाव
मोजत नसेल तर ग्राहकाने पैसे कशाचे द्यायचे, याचे उत्तर आपण द्यावे. डिसेंबर २०२२ च्या लिंक स्पॅम अपडेटपासून स्पॅम ओळखणाऱ्या स्पॅमब्रेन या प्रणालीद्वारे अशा लिंक निष्प्रभ केल्या जातात, हे गूगलनेच जाहीर केले आहे. शिवाय अल्गोरिदम आणि माणसाने केलेली कारवाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘अनैसर्गिक लिंक’ म्हणून होणारी मॅन्युअल अॅक्शन आजही सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात, येते. ती आली की लिंक काढून पुनर्विचारासाठी अर्ज करावा लागतो, आणि तोपर्यंत कारखान्याकडे येणारी ग्राहकांची चौकशी बंद राहते. दुसऱ्या फळीची गोष्ट म्हणाल, तर एकच सामायिक यादी चार ग्राहकांना वापरली की चौघांच्याही लिंक त्याच साइटवर शेजारीशेजारी दिसतात, हेही विसरू नये.

टॉवेलनगरी
रात्रपाळी साहेब, मोजले. नेमक्या ६५,५३६ ओळी आहेत. मागच्या सोमवारची प्रत सहकाऱ्याकडे होती, तिच्यातही ६५,५३६ आहेत. पहिली ओळ ‘एचटीटीपी’ने सुरू होते आणि शेवटचीही. शोधून पाहिले तर संपूर्ण फाइलमध्ये ‘एचटीटीपीएस’ने सुरू होणारा पत्ता एकही नाही. सॉफ्टवेअरमध्ये अशी काही मर्यादा असते का?

रात्रपाळी
सॉफ्टवेअरमध्ये नाही, एक्सेलमध्ये असते. जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. एक्सेल २००७ पासूनच्या नव्या प्रकारात ही मर्यादा १०,४८,५७६ आहे. तुमची मास्टर यादी रविवारी कोणीतरी आधी वर्णानुक्रमे लावून डुप्लिकेट काढत असणार, मग एक्सेलमध्ये उघडत असणार आणि तिथून पुन्हा टेक्स्ट फाइलमध्ये चिकटवत असणार. वर्णानुक्रमात ‘एचटीटीपी’नंतरचे ‘:’ हे चिन्ह ‘एस’च्या आधी येते, म्हणून साध्या एचटीटीपीचे सर्व पत्ते वर राहतात, एचटीटीपीएसचे सर्व पत्ते खाली जातात आणि कापले जातात ते खालचे. आज चालू असलेल्या बहुतेक साइट एचटीटीपीएसवर आहेत. तुमच्याकडे दर आठवड्याला नेमक्या जुनाट साइट का उरतात, याचे उत्तर यातच आहे. सिंक सेवेने फक्त कापलेली फाइल इमानाने तिन्ही मशीनवर पोहोचवली.

टॉवेलनगरी
अगदी असेच घडले आहे. महिन्यापूर्वी कार्यालयातील एका ताईंकडे यादीची रविवारची साफसफाई सोपवली होती आणि त्यांच्याकडचे मशीन जुने आहे. त्यांना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की, फाइल पूर्ण भरली गेली नाही अशा अर्थाची एक खिडकी दर वेळी उघडते आणि ओके दाबले की काम पुढे जाते. त्यांना मीच नीट समजावून दिले नव्हते. जुळे सोलापूरच्या सहकाऱ्याच्या पेनड्राइव्हवर दीड लाखांची जुनी प्रत सापडली आहे. आता डुप्लिकेट कशाने काढावेत?

रात्रपाळी
एक्सेलला हात लावू नका. सॉफ्टवेअरमध्येच डुप्लिकेट यूआरएल आणि डुप्लिकेट डोमेन काढण्याच्या दोन वेगळ्या सोयी आहेत आणि त्यांतला फरक महत्त्वाचा आहे. लेखाच्या साइट, विकी, सोशल नेटवर्क अशा ठिकाणी नवे खाते उघडून लिंक लागते, म्हणून तिथे एका डोमेनची एकच ओळ पुरते. ब्लॉगवरच्या प्रतिक्रिया आणि गेस्टबुक यांच्यात प्रत्येक पान स्वतंत्र असते, तिथे डोमेनने गाळलेत तर कामाची पाने जातील, म्हणून फक्त यूआरएलने गाळावे. मास्टर फाइलसाठी कोणी स्वतः सूत्र लिहिणार असेल तर पत्त्यातील शेवटच्या दोन भागांवरून डोमेन ठरवू देऊ नका. एकदा माझ्या हातून ते झाले, आणि ‘को डॉट इन’वरच्या साऱ्या भारतीय साइट एकाच ओळीत आल्या.

गड्ड्याची जत्रा
डेटाबेसमध्ये हे घडलेच नसते, एवढे नमूद करतो.

टॉवेलनगरी
पेनड्राइव्हवरची यादी आणि आत्ताची यादी एकत्र करून सॉफ्टवेअरमधून प्लॅटफॉर्मनुसार गाळून घेतली. १,१२,४०८ ओळी उरल्या आणि एचटीटीपीएसचे पत्ते परत आले. तिन्ही मशीनचे फोल्डर वेगळे केले. एकत्रीकरण यापुढे मी स्वतः करीन आणि आधीचा व नंतरचा ओळींचा आकडा दर वेळी वहीत लिहीन. कंबर तलाव साहेब, आपण लिहिलेले मी आमच्या कारखानदारांना वाचून दाखवले. त्यांनी मुख्य साइटवरचे हे काम आजपासून थांबवायला सांगितले आहे आणि आधी लागलेल्या लिंकची यादी मागितली आहे. सर्च कन्सोलमधून ती यादी उतरवताना कोणता अहवाल घ्यावा, हे सांगितलेत तर आजच त्यांना पाठवतो.

कंबर तलाव
‘लिंक्स’ विभागात जाऊन वर उजवीकडे बाह्य लिंक निर्यात करण्याची सोय आहे, त्यातील ‘लेटेस्ट लिंक्स’ घ्यावे, त्यात तारीखही येते. फाइल एक्सेलमध्ये उघडणार असाल तर नव्या प्रकारातच जतन करा.