मदत हवी आहे: नाकाच्या मुळाशी एथमॉइड हाडाला तडा, घरच्यांना कसं समजावू?

आमच्या मोठेबाबांना गोठ्यात बैलाचं शिंग लागलं, नेमकं दोन भुवयांच्या मधोमध. वर्ध्याला नेलं, सीटी स्कॅन झाला, काही दिवस ठेवून घेतलं आणि घरी सोडलं. एथमॉइड हाडाच्या क्रिब्रिफॉर्म प्लेटला तडा आहे असं रिपोर्टात लिहिलंय. डॉक्टरांनी बजावलंय की नाक शिंकरायचं नाही, डोकं उंचावर ठेवून झोपायचं, वजन उचलायचं नाही. पण घरात हे कोणालाच पटत नाही. मोठेबाबा म्हणतात, "मार तं नाकाले लागला, डोक्याले काई झालं नाई." वरची जखम भरली म्हणून ते कापसाची गाठोडी उचलायला निघतात. मला फार काळजी वाटते आहे.

बारावीला माझं जीवशास्त्र होतं. तेवढ्या बळावर वाचून जे समजलं ते लिहिते, चुकत असेल तिथे सांगा.

डोक्याच्या सांगाड्यात २२ हाडं धरतात, ८ मेंदूभोवतीची आणि १४ चेहऱ्याची. एथमॉइड आणि त्याच्या मागचं स्फेनॉइड त्या ८ मध्ये मोजतात, पण दोन्ही खाली चेहऱ्यात उतरलेली असतात. एथमॉइड बाहेरून हाताला लागतच नाही. ते दोन डोळ्यांच्या मध्ये, नाकाच्या वर दडलेलं असतं. त्याची उभी पातळ पट्टी नाकाच्या पडद्याचा वरचा भाग होते. दोन्ही बाजूंना हवेच्या पोकळ्या असतात आणि त्यांची बाहेरची अतिशय पातळ भिंत हीच डोळ्याच्या खोबणीची आतली भिंत. वरची आडवी पट्टी म्हणजे क्रिब्रिफॉर्म प्लेट. तिला पिठाच्या चाळणीसारखी बारीक भोकं असतात आणि त्यांतून वासाच्या मज्जातंतूंचे धागे नाकातून मेंदूकडे जातात. म्हणजे नाकाचं छत तीच मेंदूच्या पुढच्या भागाखालची जमीन! मार लागल्यापासून मोठेबाबांना जवसाच्या चटणीचासुद्धा वास येत नाही, तो यामुळेच ना?

आता मुख्य गोष्ट. कालपासून ते खाली वाकले की उजव्या नाकपुडीतून पाणी थेंब थेंब गळतं. चिकट नाही, घशात उतरलं की खारट लागतं म्हणतात. मोठी आई म्हणते सर्दी आहे, वाफ घ्या, नाक मोकळं करा.

बाहेरची जखम भरल्यावरही हे पाणी मेंदूकडचं असू शकतं का? आणि ज्यांना रिपोर्ट वाचता येत नाही त्यांना हे कसं पटवून देऊ?

प्रतिसाद

ताई, आधी त्यांना दवाखान्यात न्या, आजच. समजावणं वाटेत होईल. मी कान-नाक-घसा वॉर्डात नर्स आहे. तुम्ही लिहिलेली लक्षणं मेंदूभोवतीचं पाणी गळत असल्याची असू शकतात, आणि नसेल तरी ते तपासूनच ठरवायचं असतं.

हाडांचं तुम्ही बरोबर लिहिलंय. त्यात एक भर घालते. मेंदूवरचं जाड आवरण त्या चाळणीच्या हाडाला घट्ट चिकटलेलं असतं. त्यामुळे हाडाला तडा गेला की आवरणही फाटू शकतं. कातडी भरली म्हणजे आतलं भरलं असं नाही. हे पाणी शरीरात रोज साधारण ५०० मिली तयार होतं, म्हणून भोक बुजेपर्यंत गळत राहू शकतं. पुष्कळदा आराम केल्यावर गळती आपोआप थांबते. नाही थांबली तर नाकातूनच दुर्बीण घालून भोक बंद करता येतं. खरा धोका उलट्या वाटेचा आहे. जिथून पाणी खाली येतं तिथूनच नाकातले जंतू वर जाऊन मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतात. जोरात शिंकरलं तर हवासुद्धा वर कवटीत शिरते.

नाकात कापूस कोंबू नका, थेंब घालू नका. गळणारं पाणी स्वच्छ बाटलीत धरून सोबत न्या, त्यावर तपासणी होते. तिथे पोचल्यावर पहिल्यांदा तडा असल्याचं सांगा, म्हणजे नाकातून नळी घालणार नाहीत. ताप, मान आखडणं, उलट्या, खूप डोकेदुखी, गुंगी यांपैकी काही दिसलं तर लगेच १०८ लावा.

मोठेबाबांना एवढंच सांगा की वासाचे धागे मेंदूकडे जातात त्याच जागी मार बसलाय, म्हणूनच चटणीचा वास गेला. ते त्यांचं त्यांना कळतंय, त्यामुळे पटेल.

धागाकर्ती

वासाचं सांगितल्यावर ते गप्प झाले आणि तयार झाले. शेजारच्यांची गाडी मिळाली आहे, नागपूरला निघतो. मागच्या सीटवर आडवं झोपवून नेऊ का?

प्रतिसाद

सपाट झोपवू नका. पाठीमागे उशा लावून अर्धवट बसवा. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायला सांगा. सीटीची फिल्म आणि डिस्चार्ज कार्ड दोन्ही घ्या.