साखर उतरली, पण पट्ट्यावरचे ठोके ८८च

सांगलीचा_ट्रेनर:
मंडळी, सांगलीत एका जिममध्ये ट्रेनर आहे, तिसरं वर्ष. मंगळवारपासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

एक काका येतात, वय ६१, एसटीतले निवृत्त कंडक्टर. १४ वर्षांची शुगर, शिवाय बीपी. फॉर्मवर 'आजार आहे का?' याच्यापुढे त्यांनी 'किरकोळ' लिहिलंय. मीही खोदून विचारलं नाही. सकाळी साडेसहाला लेगप्रेसचा तिसरा सेट चालू होता. आठपर्यंत मोजलं आणि परत एकपासून सुरू. जन्मभर तिकिटांचा हिशेब केलेला माणूस! डोक्यावर पंखा, तरी टी-शर्ट चिंब. मनगटावरच्या पट्ट्यावर ठोके ८८. मला वाटलं, दमले असतील. झाडलोट करणाऱ्या मावशी लांबूनच ओरडल्या, "अरे, साखर उतरलीय त्यांची! आमच्या ह्यांचं अस्संच होतं." मालकांच्या चहाच्या डब्यातली तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. वीसेक मिनिटांनी काका माणसात आले. मग कळलं, शुगरची गोळी उठल्या उठल्या घेतात आणि नाश्ता जिमहून घरी गेल्यावर.

ठोके वाढले कसे नाहीत? आणि आता त्यांना करायला काय देऊ? मालक म्हणतात पैसे परत दे, नको ती जबाबदारी. मला ते पटत नाही.

फिजिओताई_पुणे:
आधी त्या मावशींना चहा पाज.

ठोक्यांचं उत्तर बहुतेक बीपीच्या गोळीत आहे. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल अशी बीटा ब्लॉकर असेल तर ठोके फारसे चढत नाहीत, साखर उतरतानाची धडधड आणि थरथरही दबते. घाम मात्र दबत नाही. म्हणून जास्तीत जास्त ठोके काढायचं '२२० वजा वय' हे गणित अशांना लावू नकोस. व्यायाम करताना त्यांना बोलतं ठेव. वाक्य तुटायला लागलं की जोर कमी कर.

औषधं तोंडी विचारू नकोस, चिठ्ठीचा फोटो माग. ग्लिमेपिराइड निघाली तर ती शुगरची, नाश्त्याबरोबर घ्यायची गोळी, रिकाम्या पोटी घेऊन लेगप्रेस मारायची नाही. पण वेळ किंवा डोस बदलणं डॉक्टरांचं काम, तुझं नाही. अशी गोळी चालू असताना साखर ९०च्या खाली दिसली तर आधी केळं खायला लाव, सुरुवात नंतर. ७०च्या खाली असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही. ग्लुकोज द्यायचं आणि १५ मिनिटांनी परत तपासायचं. चिठ्ठीत व्होग्लिबोज ही शुगरची दुसरी गोळी असेल तर ती आपली घरची साखर रक्तात जायला उशीर लावते, ग्लुकोजला नाही, म्हणून जिममध्ये ग्लुकोजच्या पावडरीचा डबा ठेव.

आणखी एक, रेटताना श्वास कोंडतात का बघ, बीपी जागच्या जागी चढतं. डोळ्यांचा पडदा शेवटचा कधी तपासला ते विचार. पडद्यावर रक्तस्राव झालेला असेल तर जड वजनं आणि डोकं खाली जाणारे प्रकार बंद. आणि पाय बघ. मोजे काढून. जुन्या शुगरमध्ये पायाला लागलेलं कळत नाही.

इन्सुलिनवाली_नागपूर:
काका 'किरकोळ' का लिहितात, सांगू? मी एका जिममध्ये खरं लिहिलं होतं. मला ट्रेडमिलवर चढवून दिलं आणि सहा महिने कोणी जवळ फिरकलं नाही.

ताईंनी सांगितलंच आहे, फक्त रात्रीचं राहिलं. संध्याकाळी व्यायाम केला की माझी साखर कधीकधी पहाटे तीनला उतरते. आणि मांडीत इन्सुलिन टोचून लगेच सायकल मारली की ते भराभर भिनतं. मी व्यायामाच्या दिवशी पोटात घेते.

सांगलीचा_ट्रेनर:
चिठ्ठी आली. मेटोप्रोलॉल आहे, ग्लिमेपिराइड आहे, व्होग्लिबोजपण आहे! काका डॉक्टरांना भेटून आले. गोळी आता नाश्त्याबरोबर, जिम साडेनऊला. त्या वेळेला जिम रिकामीच असते म्हणून मालकही गप्प झाले.

आज मोजे काढायला लावले. काका म्हणाले, "पायाला काय झालंय? धडधाकट आहे." उजव्या अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड, नवीन बुटाचा. त्यांना पत्ताच नव्हता. पायाची मशीन बंद केली, बसून हाताचे दोन प्रकार घेतले आणि घरी फोन लावून मुलाला सांगितलं, आजच डॉक्टरांना दाखवा.