यंत्राच्या रेषेत आईचं अक्षर

संगणकाने काढलेल्या रेषांत कलाकाराचं मन कुठून येणार, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. मला लगेच चित्रकार व्हेरा मोल्नार आठवल्या. जन्म १९२४ चा, बुडापेस्टचा. पुढे पॅरिसला स्थायिक झाल्या आणि १९६८ पासून संगणकावर काम करू लागल्या.

त्यांना आईची पत्रं यायची. अक्षर गॉथिक वळणाचं, म्हणजे जुन्या युरोपीय लिपीसारखं टोकदार. ओळीच्या सुरुवातीला नीटस, उजवीकडे सरकत गेलं की अस्वस्थ, जवळजवळ सैरभैर. मोल्नारबाईंनी त्या अक्षराचा हा स्वभावच प्रोग्रॅममध्ये उतरवला आणि यंत्राकडून तशी पानं काढून घेतली. त्यात एकही शब्द वाचता येत नाही. नुसत्या वरखाली होणाऱ्या रेषा, डावीकडे शिस्तीत, उजवीकडे विस्कटलेल्या. तरी पाहताक्षणी कळतं, हे कुणाचं तरी पत्र आहे.

चित्रात एक टक्का अव्यवस्था हवी, ही त्यांची कल्पना मला फार मोलाची वाटते. (डिजिटल चित्रं मीही काढते. स्क्रीनवर सगळं एका क्लिकमध्ये सरळ होतं, हीच तर खरी अडचण आहे.) रेष किती ढळू द्यायची, कुठे आवरायची, हे यंत्राने नाही ठरवलं. ते बाईंनी ठरवलं, आईचं अक्षर डोळ्यांसमोर ठेवून.