फाइल इतक्या टेबलांवरून का फिरते?

लालबागची परीक्षार्थी: नोकरशाहीचा अभ्यासक समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर पदसोपान (वरिष्ठ-कनिष्ठ पदांची उतरंड), लेखी नियम, गुणवत्तेवर नेमणूक यांना कार्यक्षम म्हणतो. मग दाखल्यासाठी खेटे का? मुख्य परीक्षेच्या उत्तरात हे कसं मांडू?

निवृत्त कक्ष अधिकारी, मुलुंड: बाळ, दोष टेबलांचा नाही. टिपणी सहायक लिहितो, संदर्भाच्या पानाला ‘पताका-अ’ अशी खुणेची चिठ्ठी लावतो, मग कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव. प्रत्येकाची सही तारखेसह राहते, म्हणूनच कोणी काय म्हटलं ते वीस वर्षांनीही सापडतं. हे मी मनापासून जपलं. बिघडतं कुठे? ‘चर्चा करावी’ एवढंच लिहून फाइल खाली येते तिथे. निर्णय टाळायची ती सोय आहे. उत्तरात महाराष्ट्राचा 2005 चा बदल्या व विलंब प्रतिबंध अधिनियम घाल: कलम 10 नुसार फाइल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त थांबता कामा नये.

डोंबिवली लोकल: शिवाय लोकसेवा हक्क अधिनियम, 2015. सेवा देण्याची ठरलेली मुदत उलटली की प्रथम अपील त्याच खात्यात, वरच्या अधिकाऱ्याकडे.

लालबागची परीक्षार्थी: म्हणजे सुधारणाही पदसोपानातूनच! काका, ‘चर्चा करावी’चं उदाहरण घेते.

निवृत्त कक्ष अधिकारी, मुलुंड: जरूर घे. समाजशास्त्रज्ञ मर्टनचा 1940 चा ‘उद्दिष्ट-विस्थापन’ मुद्दाही जोड: मूळ हेतू मागे पडून नियम पाळणं हेच उद्दिष्ट होऊन बसतं.