मदत हवी आहे: लांब पळण्याला जोड म्हणून घरी कोणता योग करावा?

राम राम मंडळी. मी छत्रपती संभाजीनगरला राहतो. हिवाळ्यात २१.१ किलोमीटरची हाफ मॅरेथॉन पळायची आहे. रविवारचं लांब पळणं दौलताबादच्या रस्त्याला असतं. चढ निघून जातो, पण घरी आलं की मांडीच्या मागच्या शिरा आणि पोटऱ्या दिवसभर आखडलेल्या राहतात. मांडी घालून जेवायला बसणंही जिवावर येतं. दुखापत नाही, नुसता ताठपणा आहे.

रोज अर्धा तास देऊ शकतो. सूर्यनमस्कार शाळेपासून येतात. त्यांनी घाम निघतो, पण कमरेच्या सांध्याला पुढून हवा तेवढा ताण मिळत नाही असं वाटतं. अष्टांग पद्धतीची (ठरलेल्या क्रमानं सलग आसनं करायची) पहिली मालिका पूर्ण करायला साधारण दीड तास जातो, शिवाय तिच्यात पुढं वाकायची आसनं भरपूर. मला अय्यंगार पद्धत जास्त पटते: पट्टा लावून सुप्त पादांगुष्ठासन (पाठीवर झोपून एक पाय सरळ वर धरणं) निवांत धरता येतं. पट्ट्याच्या जागी सध्या आईचं जुनं लुगडं आहे, आणि ते झकास चालतंय!

अडलंय ते वेळेवर. पळण्याच्या तोंडावर एकेक ताण बराच वेळ धरला तर स्नायूंचा जोर तेवढ्यापुरता कमी पडतो. मग आसनं पळून आल्यावर लगेच करावीत की संध्याकाळी? रविवारच्या आदल्या दिवशी तुम्ही काय ठेवता? आणि एकपाद राजकपोतासनात (पुढचा पाय गुडघ्यात दुमडून मागचा लांब सोडायचा) माझ्या गुडघ्यावर ताण येतो, त्याला पर्याय काय? स्वतः पळणाऱ्यांनी सांगितलं तर बरं होईल.