निवृत्त गुरुजींचा ‘एक तास’: शाळा वाचवणार की रिकामी पदं झाकणार?

सीमेवरचा (धागाकर्ता)

सगळ्या ग्रुपांवर एक पोस्ट फिरतेय: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या प्रत्येक निवृत्त शिक्षकानं रोज एक तास सरकारी मराठी शाळेत दिला तर एकही शाळा बंद पडणार नाही. खाली जोडलेल्या हातांची रांग. डोकं उठलं म्हणून लिहितोय.

शाळा बंद पडते ती पट नाही म्हणून. पट का पडतो? चौथी-पाचवी एका खोलीत, बाई एकच, आणि त्याही अर्धा दिवस सॅट्सच्या (विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन माहितीच्या) नोंदी नाहीतर बिसीऊटाचा (दुपारच्या जेवणाचा) हिशेब करत बसलेल्या. पालक हे बघतो आणि पोराला इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या बसमध्ये चढवतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत दोन शिक्षक हवेत. कलम २६ सांगतं की मंजूर पदांपैकी १० टक्क्यांहून जास्त पदं रिकामी ठेवायची नाहीत. आता त्या रिकाम्या जागी फुकट गुरुजी उभे राहिले की बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला काय दिसणार? वर्ग चालू, बोंब नाही. मग अतिथी (तात्पुरत्या मानधनावरच्या) शिक्षकाच्या मागणीला कोण विचारतो?

सेवाभाव घरी ठेवा, आधी पद मागा.

पाटीपेन्सिल

पद मागायला कुणी नको म्हटलंय? मागा की. पण पद भरेपर्यंत तिसरीतल्या पोरानं काय करायचं, खिडकीतून पाऊस बघायचा? तिसरीपर्यंत वाचन आलं नाही तर पुढं परिसर अभ्यासही जातो आणि गणितातली शाब्दिक उदाहरणंही जातात. गणित येत असतं, प्रश्न वाचता येत नाही.

आणि ‘वर्ग घ्या’ असं म्हणूच नये. निवृत्त माणसाला ३५ पोरांपुढं उभं केलं की तो पहिल्या दिवशी भाषण देतो आणि चौथ्या दिवशी येत नाही. काम असं असतं: आधी एकेका मुलाला पाच मिनिटं बाजूला बसवून ऐकायचं. अक्षरं येतात का, जोडाक्षर नसलेले शब्द येतात का, चार ओळींचा उतारा जमतो का, पानभर गोष्ट वाचतो का. त्यावरून गट करायचे, इयत्तेवरून नाही. पाचवीतलं पोरगं शब्दांवर अडत असेल तर ते शब्दांच्याच गटात. गटात चार, फार तर पाच. चाळीस मिनिटं. त्यात दहा मिनिटं गुरुजींनी मोठ्यानं वाचायचं आणि मुलांनी ओळीखाली बोट फिरवायचं, वीस मिनिटं एकेकानं वाचायचं, उरलेल्या वेळात त्याच धड्यातले सहा शब्द लिहून घ्यायचे. आठवड्याला तीनदा, ठरलेले वार. रोजचा हट्ट धरला की महिन्यात सगळं मोडतं.

गणिताचा घोळ

वाचन ठीक. गणिताला मात्र निवृत्तांना हात लावू देऊ नका, निदान वजाबाकीला. ५२ वजा २७ घ्या. आताचं पुस्तक दशक सुटा करतं: पाचाचे चार, दोनाचे बारा, बारातून सात गेले पाच, चारातून दोन गेले दोन, उत्तर २५. जुन्या मास्तरांची रीत वेगळी: वर दहा घेतले, खाली हातचा एक दिला, म्हणजे खालच्या दोनाचे तीन, पाचातून तीन गेले दोन. उत्तर तेच. दोन्ही बरोबर.

पोरगं सकाळी बाईंकडून एक शिकतं, दुपारी गुरुजींकडून दुसरं. मग ते वरचे पाच खोडून चार करतं आणि खालच्या दोनाचे तीनही करतं. चारातून तीन गेले एक. उत्तर १५. वहीत ५२ − २७ = १५ दिसलं की खुशाल समजा, या पोराला दोन मास्तर आहेत.

दिडकी अडीचकी

म्हणजे साठ वर्षांपर्यंत सरकारनं ज्यांच्याकडून गणित शिकवून घेतलं, ते एकसष्टाव्या वर्षी पोरं बिघडवणारे झाले? वा रे वा.

खालच्या आकड्याला हातचा देण्याची रीत वेगवान आहे आणि वरच्या आकड्यात शून्यं आली तरी अडत नाही. ४००३ वजा १८७ करून दाखवा तुमच्या खोडाखोडीनं. हजाराचं शतक करा, शतकाचं दशक करा, दशकाचा सुटा करा. तीन ठिकाणी काट मारून पोरगं कुठल्या घरात आहे हेच विसरतं. उत्तर ३८१६ येईपर्यंत घंटा होते. आणि अपूर्णांकांचे पाढे? पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. ज्याला सवायकी (सव्वाचा पाढा) येते तो सव्वाशे रुपये दरानं १६ किलोची किंमत तोंडी सांगतो: सोळा सव्वा वीस, वीस शेकडे म्हणजे दोन हजार. आज सातवीतला पोरगा त्यालाच मोबाईल काढतो.

गणिताचा घोळ

सव्वाशेचा हिशोब झकास, पण त्या सातवीतल्याला ८१६ भागिले ४ द्या. २४ लिहील. आठाला चारनं भाग गेला दोन, एकाला जात नाही म्हणून सोडून दिलं, सोळाला गेला चार. मधलं शून्य गायब. हे औटकी पाठ करून सुटत नाही. नाण्यांच्या गड्ड्या मांडून दाखवावं लागतं की एका दशकाचे चौघांना दशक म्हणून वाटे होत नाहीत, म्हणून दशकाच्या घरात शून्य. २०४. पाढे हवेतच, पण ते शेवटची दहा मिनिटं.

दिडकी अडीचकी

गड्ड्या आम्हीही चिंचोक्यांच्या मांडल्या. तुमच्याआधी.

बरं, रीत वर्गातली बाई ठरवेल ती चालवू. पण ती आम्हाला कुणी सांगायला नको? आजवर एका तरी एचएमनं (मुख्याध्यापकानं) येणाऱ्या माणसाच्या हातात चालू वर्षाचं पुस्तक ठेवलंय का? कर्नाटकच्या मराठी माध्यमाची पुस्तकं महाराष्ट्राच्या बालभारतीची नव्हेत, हे पलीकडून येऊन ‘मार्गदर्शन’ करणाऱ्यांना तर माहीतच नसतं.

कॅम्पातला

वजाबाकीवरून एवढी कापाकापी! खरी रड कन्नडची आहे, त्यावर कुणी बोलेना. कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्यापासून कन्नड पहिली नाहीतर दुसरी भाषा म्हणून शिकणं टप्प्याटप्प्यानं सक्तीचं आलं. एसएसएलसीत (दहावीच्या परीक्षेत) मराठीच्या १२५ गुणांत पोरं तरतात आणि कन्नडच्या १०० त धापा टाकतात. निवृत्त कन्नड शिक्षक आपल्याच गल्लीत पडीक आहेत. त्यांना बोलवायचं म्हटलं की लगेच अस्मिता आडवी येते.

नेमकं कुठं अडतं ते सांगतो. मराठी पोराला ए आणि ओ एकेकच ठाऊक. कन्नडात दोन्हीला ऱ्हस्व-दीर्घ असतात, ते कानालाच कळत नाहीत. आणि जोडाक्षर उलटं. आपण पहिलं अक्षर अर्धं करतो. तिथं पहिलं पूर्ण राहतं आणि दुसरं खाली लटकतं, स्वरचिन्ह मात्र वरच्यालाच. पोरं वरचं वाचून थांबतात. हे सुधारायला कन्नडच मास्तर लागतो, ते पण मराठी समजणारा.

येळ्ळूर वेस

हां, आता कन्नडवाले मास्तर मराठी शाळेत आणा. पुढच्या वर्षी पाटी बदला, त्याच्या पुढच्या वर्षी माध्यम. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून हेच चाललंय. तुमच्यासारखी माणसं घरात असली की बाहेरच्यांची गरजच काय!

कॅम्पातला

पोरगं कन्नडात नापास झालं की सीमाप्रश्न सुटतो का? कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, गावोगावी साहित्य संमेलनं भरतात. ग्रंथदिंडी निघते, मांडव, जेवणावळी, सगळं थाटात. त्या दिंडीतली पुस्तकं दुसऱ्या दिवशी कुठल्या शाळेच्या कपाटात जातात, तेवढं सांगा.

येळ्ळूर वेस

संमेलनावर घसरायचं कारण नव्हतं. ती संमेलनं आहेत म्हणून इथं अजून मराठी वाचणारा वर्ग आहे. तुमचं अक्षराचं म्हणणं बरोबर असेल, पण सूर बदला.

शिक्का आणि पोच

भांडण आटपलं असेल तर कामाचं बोलू. कुणीही ‘मी निवृत्त गुरुजी’ म्हणून थेट वर्गात शिरायचं नाही. आधी एचएमकडे लेखी अर्ज: विषय, वार, वेळ, आधारची प्रत, पोलीस पडताळणी. मग एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत ठराव. कायद्यानं त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, तेव्हा पालकांना माहीत नसताना काही होत नाही. हजेरीसाठी वेगळी वही, येण्याजाण्याची वेळ आणि सही. बसायचं व्हरांड्यात किंवा दार उघडं असलेल्या खोलीत. एकट्या मुलाला बंद खोलीत शिकवायचं नाही, घरी बोलवायचं नाही, गाडीवर मागं बसवायचं नाही. २०१२ च्या पॉक्सो या बालसंरक्षण कायद्यानंतर यात वयाचा मान वगैरे काही नाही. शाळांना स्वयंसेवक जोडून देणारं केंद्राचं विद्यांजली पोर्टलही आहे, पण तिथं शाळेनं आधी गरज नोंदवावी लागते आणि घोडं बहुतेक तिथंच अडतं.

धागाकर्त्याच्या मुद्द्यावर: ठरावातच लिहा की ‘ही मदत पूरक आहे, अमुक विषयाचं पद अमुक तारखेपासून रिक्त आहे आणि ते भरावं’. त्याच ठरावाची प्रत बीईओला. म्हणजे गुरुजींची सही पदाविरुद्ध पुरावा न होता पदासाठीचा पुरावा होते.

कान देऊन ऐका

कुणाला आवडणार नाही, तरी लिहितो. वयानं ऐकणं कमी होतं तेव्हा आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात: स, श, फ. पोरगं ‘साळा’ म्हणालं की ‘शाळा’, हे समोरच्याला कळतच नाही आणि तो ‘शाब्बास’ म्हणतो. पत्र्याच्या छपरावर पाऊस वाजत असला की विचारूच नका. खानापूरच्या जांबोटी-कणकुंबीकडं जून ते सप्टेंबर हीच गत. म्हणून मूल समोर, हाताच्या अंतरावर, तोंड दिसेल असं. उजेड मुलाच्या चेहऱ्यावर. श्रवणयंत्र असेल तर लाजून खिशात ठेवू नका.

पाटीपेन्सिल

आणि फक्त देणं नको, घेणंही हवं. आठवी-नववीच्या पोरांनी ज्येष्ठांना मोबाईल शिकवावा: अक्षर मोठं करणं, नंबर साठवणं, नोव्हेंबरात हयातीचा दाखला चेहरा दाखवून कसा भरायचा. नियम एकच, फोन आजोबांच्याच हातात राहील, पोरानं फक्त बोट दाखवायचं. पिन, ओटीपी, बँकेचं ॲप यातलं काहीही पोरापुढं उघडायचं नाही. शंभर रुपये इकडचे तिकडे झाले की पहिला संशय पोरावर जातो आणि उपक्रमाचे बारा वाजतात.

सीमेवरचा (धागाकर्ता)

ठरावात रिक्त पदाची तारीख टाकायची, ही युक्ती बरी आहे. तेवढ्यापुरतं मान्य. बाकी, खानापूरच्या पश्चिमेला दिवसातून एखादी बस जाणाऱ्या वाडीत तुमचे निवृत्त गुरुजी कसे पोचणार, यावर चकार शब्द नाही. शहरालगतच्या शाळांत गुरुजींची गर्दी होणार आणि जिथं खरंच कुणी नाही तिथं कुणीच नाही.

दिडकी अडीचकी

तिथं अतिथी शिक्षकच हवा, त्यात वादच नाही. लिहून देतो.

शिक्का आणि पोच

मग लिहून द्याच. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज गेला नाही तर दसऱ्यापर्यंत कागद हलत नाही. आणि प्रत इथं टाकाल तेव्हा पोच घेतलेली टाका. बिनशिक्क्याच्या ठरावांनी या जिल्ह्यातली कपाटं आधीच भरलीत.

गणिताचा घोळ

त्या ठरावात वजाबाकीची रीतही घाला.

दिडकी अडीचकी

घाला. ४००३ वजा १८७ उदाहरण म्हणून द्या, मग बघू कोण खोडाखोड करतंय ते.